काडीपैलवानाचा व्यायाम

उंची 173 सेंटिमीटर आणि वजन 52 किलो असलेल्या तरुणाचा बॉडी मास इंडेक्स साधारण 17.4 भरतो. हा आकडा 18.5 च्या खाली गेला की डॉक्टर 'वजन कमी' असा शेरा मारतात. बोलीत त्यालाच लुकडा, काडीपैलवान किंवा पाप्याचे पितर म्हणतात. पनवेल, कामोठे किंवा खांदा कॉलनीतल्या एखाद्या जिममध्ये असा तरुण नाव घालतो तेव्हा त्याच्या हाती बहुधा ठरलेला तक्ता पडतो: सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी खांदे, मग दंड, पाय, पोट. हा तक्ता मुळात वर्षानुवर्षे कमावलेल्या शरीरासाठी आहे. ज्याच्याकडे अजून कमावलेले काहीच नाही, त्याचे गणित वेगळे असते.

आपल्याकडे त्यात आणखी एक गुंता आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक छोटा लेख 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स 22.3 होता, पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के निघाली. युडकिन मॅरेथॉन धावणारे. याज्ञिकांनी आपला व्यायाम गमतीने सांगितला तो म्हणजे रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद होण्याआधी तिथवर पळणे. वरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरात स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते. म्हणून हातपाय काटकुळे आणि पोट मात्र किंचित पुढे आलेले, अशा मुलाला नुसते 'खा आणि वजन वाढव' सांगणे पुरेसे नाही. वाढलेले वजन स्नायूंत जायला हवे, आणि स्नायू वाढतो तो त्याच्यावरचा भार वाढत गेला तर.

भार हळूहळू वाढवण्याची ही पद्धत वैद्यकात आणली ती थॉमस डीलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टराने. दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांचे गुडघे सुधारताना त्याने हलक्या व्यायामाऐवजी वजन वाढवत नेले आणि 1945 मध्ये त्यावर लेख लिहिला. नवख्याला या पद्धतीचा फायदा सर्वाधिक होतो. सुरुवातीचे काही आठवडे तर स्नायू फारसा न वाढताही ताकद वाढते, कारण आहे तोच स्नायू वापरायला मज्जासंस्था शिकत असते. एकच हालचाल आठवड्यातून दोन-तीनदा केली की हे शिकणे लवकर होते. सहा दिवसांच्या तक्त्यात ती सहसा एकदाच येते.

पनवेलकराच्या बाबतीत तर सहा दिवसांचा तक्ता लोकलच्या वेळापत्रकावरच आपटतो. पनवेलहून सीएसएमटीला हार्बर मार्गाने जायला सुमारे सव्वा तास लागतो आणि परतीला तेवढाच. रात्री आठला घरी पोचणारा एखादा दिवस बुडवणारच. छातीचा सोमवार हुकला की छातीला पुढच्या सोमवारपर्यंत सुट्टी. सगळ्या अंगाचा व्यायाम आठवड्यातून तीनदा ठेवला, तर एक दिवस बुडूनही प्रत्येक स्नायूला दोनदा काम मिळते, आणि मधल्या रिकाम्या दिवसांत स्नायू सावरतात.

अशा दिनक्रमात व्यायाम मोजकेच लागतात. पहिल्या दिवशी स्क्वॉट (बार घेऊन बैठक), बेंच प्रेस (बाकावर पडून बार वर ढकलणे) आणि बारने रोइंग (वाकून बार पोटाकडे ओढणे). दुसऱ्या दिवशी स्क्वॉट, डोक्यावर बार ढकलण्याचा प्रेस आणि जमिनीवरून बार उचलण्याची डेडलिफ्ट. हे दोन दिवस आलटून पालटून, सोमवार-बुधवार-शुक्रवार. प्रत्येक व्यायामाचे पाच ते आठ रेपचे (आवर्तनांचे) तीन सेट, डेडलिफ्टचा मात्र एकच. दोन सेटमध्ये दोन-तीन मिनिटे विश्रांती. दंडाचे व्यायाम शेवटी हौसेपुरते. (आरशासमोर ती हौस फार असते, हे मान्यच.)

स्क्वॉटची सुरुवात रिकाम्या बारने करावी. प्रमाण बार 20 किलोचा असतो, पण सगळ्या जिममधला तसा नसतो, विचारून घ्यावे. बार मानेच्या हाडावर टेकवू नये, खालच्या मांसल भागावर ठेवावा. पावले खांद्याइतकी फाकवून, टाचा जमिनीला चिकटवून, मांड्या आडव्या होईपर्यंत बसावे. टाच उचलली जात असेल तर वजन वाढवण्याची घाई नको. तिन्ही सेट नीट झाले की पुढच्या खेपेला दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलोची प्लेट, म्हणजे अडीच किलो वाढ. आठवड्यातून तीनदा अशी वाढ झाली तर महिन्याभरात 20 चा बार 50 च्या आसपास जातो. प्रेसमध्ये ही गती टिकत नाही. तिथे एकेक किलोने वाढवावे, आणि बारच जड वाटला तर डंबेल घ्यावेत. एकाच वजनावर तीनदा अडकल्यास दहा टक्के उतरून पुन्हा चढावे. हे सगळे वहीत लिहिलेले हवे. मागच्या बुधवारी किती उचलले हे आठवत नसेल, तर वाढवणार कशावर?

जिम परवडत नसेल तर जोर-बैठका आहेतच. पनवेलजवळच्या शिरढोणला 1845 मध्ये जन्मलेले क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके पुण्यात लहुजी वस्तादांच्या तालमीत घडले. तिथे बेंच प्रेस नव्हता. ज्याला पाच जोर मारताना घाम फुटतो त्याच्यासाठी जोर हाच ताकदीचा व्यायाम. मात्र वीस-पंचवीस सहज होऊ लागले की संख्या वाढवून दमसासच जास्त वाढतो. त्यानंतर दप्तरात वजन भरून पाठीवर घ्यावे किंवा पाय उंचावर ठेवावेत. पाठीच्या स्नायूंसाठी लोंबकळायला एक आडवा बार लागतोच.

आहाराशिवाय यातले काही होत नाही. आयसीएमआरने प्रौढांसाठी रोज दर किलो वजनामागे 0.83 ग्रॅम प्रथिने सांगितली आहेत. स्नायू वाढवायचे तर सुमारे 1.6 ग्रॅम धरतात. 55 किलोच्या माणसाला ती 88 ग्रॅम होतात. तीन अंडी 18, अर्धा लिटर दूध 16, पन्नास ग्रॅम कोरडे वाल 12, दीडशे ग्रॅम मासळी 28 आणि दिवसभरातला भात-पोळीचा वाटा 15: बेरीज 89. रायगडच्या स्वयंपाकघरात यातले नवे काहीच नाही, आणि थंडीत वालाच्या शेंगा व अंडी घातलेली पोपटी तर आयतीच. पावडरीचा डबा या हिशेबात आलेलाच नाही.

सकाळी उपाशीपोटी वजन करावे. आठवड्याला पाव ते अर्धा किलो वाढ ठीक. दोन आठवडे काटा हलला नाही तर मूठभर शेंगदाणे आणि एक केळे वाढवावे. सोबत बेंबीपाशी टेप लावावी. बारवरचे वजन जागच्या जागी आणि कंबर मात्र वाढती असेल तर खाणे जरा जास्त होते आहे. याज्ञिकांचा इशारा इथे लागू पडतो.

वजन आपोआप घटत असेल, दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, सारखी तहान किंवा धाप लागत असेल, तर आधी डॉक्टर, मग जिम. क्षयरोग, थायरॉइड, मधुमेह आणि रक्तक्षय यांतही माणूस वाळतो किंवा थकतो.

साधारण चार ते सहा महिन्यांनी दर खेपेला बारवरचे वजन वाढणे थांबते. खाणे-झोप नीट असूनही दोन-तीनदा उतरून तिथेच अडकायला होत असेल, तर वाढ आठवड्याला एकदा ठेवावी आणि एक दिवस हलका करावा. तेही थांबल्यावर अंगाचे भाग वेगळे करून चार दिवस वाटता येतात. छातीचा सोमवार तेव्हा येतो.