पाळतीचे अर्थकारण

जिंतूर वा सेलूचा विद्यार्थी मोबाइलवर शैक्षणिक कर्जाची चौकशी करतो आणि मग कर्जाच्या जाहिराती संकेतस्थळोसंकेतस्थळी त्याचा पिच्छा पुरवितात. त्रयस्थ जाहिरात कंपनीने त्याच्या ब्राउझरमध्ये ठेवलेल्या ‘कुकी’ नामक खुणेचा हा प्रताप. (नाव मात्र गोड!) फायरफॉक्सने २०१९ मध्ये पाळत ठेवणाऱ्या ज्ञात कुकींना आणि सफारीने २०२० मध्ये सर्वच त्रयस्थ कुकींना आपणहून अटकाव केला. क्रोममधून त्या हटविण्याचा २०२० मधील संकल्प गूगलने २०२४ मध्ये सोडून दिला. यात नवल ते काय? जिचे उत्पन्न मुख्यत्वे जाहिरातींचे, ती कंपनी स्वतःच्या दुकानाला कुलूप का लावील? सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा मूलभूत हक्क ठरविला, २०२३ मध्ये कायदाही झाला. त्रयस्थ कुकी अडविण्याची सोय क्रोमच्या सेटिंगमध्येही आहे. ती ग्राहकाने स्वतः शोधून चालू करावयाची असते, इतकेच.