पासवर्ड बरोबर आहे, तरीही

संपादकांनी ‘मेल सर्व्हर कसा चालतो’ एवढाच विषय दिला होता. त्यासाठी पुण्यातल्या एका जुन्या शिक्षणसंस्थेच्या संगणक विभागात गेलो. अनेक संस्थांनी आपला मेल केव्हाच मोठ्या कंपन्यांच्या हवाली केला आहे. या संस्थेचा सर्व्हर अजून तिचा स्वतःचा आहे. भाड्याने घेतलेल्या यंत्रावर तो एका डेटा सेंटरमध्ये चालतो आणि त्याची सगळी देखभाल एक बाई करतात. त्यांना सगळे मॅडमच म्हणतात. पत्रं कशी जातात-येतात हे पाहायला गेलो आणि अडकलो लॉगिनपाशी. माणसाला आत घ्यायचं की नाही हे सर्व्हर कसं ठरवतो, आणि त्याने नकार दिला तर तो का दिला हे शोधायला किती खोल जावं लागतं, हे तिथं बसल्याशिवाय कळलं नसतं.

इतिहास थोडक्यात असा. मेल पाठवण्याचे एसएमटीपीचे नियम जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये लिहिले, तेव्हा त्यांत पासवर्डच नव्हता. जाळ्यावर मोजकी विद्यापीठं आणि संशोधनसंस्था होत्या. कुणाचाही मेल कुणीही पुढे पोचवायचा. स्पॅमचा पूर आला तसा हा मोकळेपणा परवडेना. १९९९ मध्ये जॉन मायर्स यांच्या नियमांनी एसएमटीपीला ‘ऑथ’ ही आज्ञा मिळाली. घर बांधल्यावर सतरा वर्षांनी कुलूप बसलं.

मॅडमच्या यंत्रावर दोन प्रोग्राम आहेत. वीत्से वेनेमा यांनी आयबीएममध्ये लिहिलेला, १९९८ मध्ये खुला झालेला पोस्टफिक्स मेल पाठवतो. फिनलंडच्या टिमो सिराइनेन यांचा, २००२ मध्ये आलेला डव्हकॉट पेटीतला मेल दाखवतो. पासवर्ड तपासायचं काम मात्र एकट्या डव्हकॉटचं. पोस्टफिक्सकडे आलेलं नाव आणि पासवर्ड एका सॉकेटमधून डव्हकॉटच्या ‘ऑथ’ प्रक्रियेकडे जातं. तिथून होकार आला तर बाहेर २३५ हा आकडा जातो, नकार आला तर ५३५.

हा ५३५ मला फार विलक्षण वाटला. नाव चुकलं, पासवर्ड चुकला, खातं बंद झालेलं आहे, काहीही असो, बाहेर तेच उत्तर. आणि तेही मुद्दाम. ‘असं नावच इथं नाही’ असं सर्व्हर सांगू लागला, तर हल्लेखोर हजार नावं टाकून खरी कोणती ते वेचून काढतील. म्हणून कारण फक्त लॉगमध्ये लिहिलं जातं. बाहेरच्याला काही कळू द्यायचं नाही, हे बरोबरच आहे. पण त्यामुळे आतला लॉग वाचणारं माणूस असावंच लागतं.

नकार द्यायला डव्हकॉट थोडा वेळही लावतो. सुरुवातीला दोन सेकंद. त्याच पत्त्यावरून चुका होत राहिल्या तर विलंब वाढत वाढत पंधरा सेकंदांपर्यंत जातो. पासवर्डामागून पासवर्ड लावून पाहणाऱ्याची गती याने मोडते. पण एखाद्या फोनमध्ये जुना पासवर्ड राहून गेला असेल तर? तो बिचारा तेच नाव, तोच चुकीचा पासवर्ड पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. डव्हकॉट त्या पत्त्यावरून आलेल्या शेवटच्या काही जोड्यांची खूण लक्षात ठेवतो आणि तीच जोडी परत आली तर विलंब वाढवत नाही. चुकलेला माणूस आणि हल्लेखोर यांतला फरक ओळखायची सोय कुणीतरी विचार करून घातली आहे. एवढी माणुसकी मी प्रोग्रामात क्वचितच पाहिली.

सकाळी एका प्राध्यापकांचा फोन आला.

“मॅडम, पासवर्ड बरोबर आहे हो माझा. कालपर्यंत चालत होता.”

“असेलच सर. मला एवढंच सांगा, ब्राउझरमधून मेल उघडतोय का?”

उघडत होता. फोनवर आणि थंडरबर्डमध्ये तेवढा बंद. तोवर आणखी दोन विभागांतून हीच तक्रार आली. मॅडमनी पासवर्डाचा विचारच सोडून दिला. वेबमेल सर्व्हरवरच बसलेला असतो, त्यामुळे त्याचं लॉगिन आतल्या आत होतं. बाहेरून येणारे तेवढे अडत असतील तर अडथळा वाटेत आहे. त्यांनी फेलटूबॅनची यादी उघडली. हा प्रोग्राम लॉगवर नजर ठेवतो आणि ठरावीक वेळात ठरावीक चुका झाल्या की तो पत्ताच अडवतो. यादीत संस्थेचाच पत्ता होता. कार्यालयातले सगळे संगणक बाहेर एकाच पत्त्याने दिसतात. तो अडला की सगळे अडले.

मग गुन्हेगार कोण? लॉगमध्ये एकच नाव दर काही मिनिटांनी, शेजारी ‘पासवर्ड जुळत नाही’. नाव ग्रंथालयातल्या एका बाईंचं. त्यांनी आदल्या दिवशी पासवर्ड बदलला होता, संगणकावर आणि फोनवर नवा घातलाही होता. राहिला होता कपाटातला टॅबलेट, चार्जिंगला लावलेला, वायफायवर, जुना पासवर्ड इमानाने पाठवणारा. डव्हकॉटने त्याला समजून घेतलं होतं. फेलटूबॅन चुका नुसत्या मोजतो. तीच चूक पुन्हा झाली की नवी झाली, हे तो पाहत नाही.

कारण असं चटकन सापडलं नाही, तर मॅडम एका ठरलेल्या क्रमाने जातात. आधी सर्व्हरवर बसून डव्हकॉटच्या स्वतःच्या आज्ञेने खातं तपासायचं. तिथं पास झालं तर पासवर्डाचा साठा ठीक आहे, दोष पुढे कुठेतरी. मग पोस्टफिक्सला तो सॉकेट दिसतो का, त्यावर त्याला परवानगी आहे का. मग बाहेरून, ५८७ या पोर्टवर, हाताने. इथं नवखे हमखास फसतात. जोडणी टीएलएसच्या कूटीकरणाने झाकल्याशिवाय मॅडमचा सर्व्हर ‘ऑथ’चं नावही काढत नाही, त्यामुळे साध्या टेलनेटने पाहणाऱ्याला वाटतं, सोयच बंद पडली.

हाताने पाठवायचं म्हणजे नाव आणि पासवर्ड बेस-६४ मध्ये गुंडाळायचं: आधी एक शून्य बाइट, मग नाव, पुन्हा शून्य, मग पासवर्ड. ‘एको’ या आज्ञेने गुंडाळलं तर शेवटी नकळत नवी ओळ चिकटते आणि पासवर्ड चुकतो. ‘प्रिंटएफ’ ही आज्ञा वापरली आणि पासवर्ड १२ने सुरू होत असला, तर शून्य आणि तो १२ मिळून अष्टमान पद्धतीतली नवी ओळच तयार होते. तपासायचं साधनच खोटं सांगतं आणि अर्धा दिवस सर्व्हरवर संशय घेण्यात जातो.

देवनागरी पासवर्डाची गोष्ट मला आपल्या जवळची वाटली. एकाने ‘दऱ्या’ हा शब्द पासवर्डात घातला होता. अर्धा ‘ऱ’ काही कीबोर्ड नुक्त्याच्या ‘ऱ’पासून बनवतात, काही साध्या ‘र’ला अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. बाइट मोजले तर एक पंधरा, दुसरा अठरा. संगणकावर ठेवलेला पासवर्ड फोनवरून कधीच जुळणार नाही, आणि टाइप करणारा शपथेवर सांगेल की आपण तेच लिहिलं. आपल्या लिपीत पासवर्ड ठेवता यायलाच हवा असं मला मनापासून वाटतं. पण मॅडम तूर्त तसं करू नका म्हणून सांगतात, आणि त्यांच्याशी वाद घालायला माझ्याकडे काही नव्हतं.

मला काळजी वाटते ती पुढच्या दिवसांची. गूगलने २०२२ च्या मे महिन्यात नुसत्या खात्याच्या पासवर्डावर चालणाऱ्या जुन्या ॲपना दार बंद केलं. मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून तेच सुरू केलं. तिथं आता टोकन चालतं. हल्ले पाहता ते योग्यच आहे. पण टोकन देणारी वेगळी व्यवस्था उभारून ती सांभाळणं छोट्या संस्थेला झेपत नाही. म्हणून अशा ठिकाणी पासवर्डच राहतो आणि तो राखायचं ओझं एका माणसावर येतं. मॅडमच्या लॉगमध्ये ‘ॲडमिन’, ‘इन्फो’, ‘टेस्ट’ अशी नावं घेऊन अनोळखी पत्ते रात्रभर दार ठोठावत असतात. खऱ्या माणसाची एक चूक त्या गर्दीतून वेचायची असते. कामाच्या अहवालात या शोधाला रकाना नाही. मेल चालू राहिला तर कुणाला काही कळत नाही.

त्यात आता डव्हकॉटची २.४ ही आवृत्ती आली आहे. जुनी सेटिंगची फाइल तिला चालत नाही, ती नव्याने लिहावी लागते. ते मॅडम करतील; शेजारी दुसरं यंत्र उभं करून त्यांनी चाचणी सुरूही केली आहे. खरी अडचण पासवर्डांची आहे. साठ्यात पासवर्ड नसतो, त्याचा हॅश असतो. कमकुवत ठरलेल्या जुन्या पद्धतींनी केलेले हॅश २.४ आपणहून स्वीकारत नाही. त्यासाठी वेगळी परवानगी लिहून द्यावी लागते. ती दिली तर कच्चा दरवाजा उघडा राहतो. दिली नाही तर ज्यांनी वर्षानुवर्षं पासवर्ड बदललेला नाही, त्यांना पासवर्ड बरोबर असूनही ५३५ मिळेल.

हॅशवरून पासवर्ड उलटा काढता येत नाही. माणूस लॉगिन करतो त्या क्षणापुरता सर्व्हरला तो दिसतो, तेव्हाच नवा हॅश करून ठेवता येतो. मॅडमनी जुन्या यंत्रावर तशी सोय केली आहे आणि रोज काही खाती आपोआप पुढे सरकतात. उरतात ते क्वचित मेल पाहणारे, त्यातले बरेचसे निवृत्त प्राध्यापक. त्यांची यादी काढून मॅडम रोज दुपारी एकेकाला फोन करतात: “सर, एकदा मेल उघडून बघता का? आत्ताच. मी लाइनवर थांबते.”