थंडी मोजणारा कांदा

"आजोबा, कांद्याला थंडी वाजते का हो?"

वाजते ना! पण तो तुझ्यासारखा शिंकत नाही, एकदम फुलावरच येतो. कांद्याचं आयुष्य मुळात दोन वर्षांचं. पहिल्या वर्षी गड्डा भरायचा, मग हिवाळा काढायचा आणि दुसऱ्या वर्षी फुलून बी धरायचं. आपण मधेच उपटून साठवणीच्या चाळीत टाकतो, म्हणून त्याचं दुसरं वर्ष कुणाला दिसत नाही. आता हिवाळा झाला हे त्याला कळणार कसं? १० अंशांच्या आसपासची थंडी काही आठवडे अंगावर घेतली की तो समजतो, वर्ष सरलं. मग मधल्या कोंबातून पान निघायचं थांबतं आणि निघतो डेंगळा, म्हणजे फुलाचा दांडा.

आपल्या निफाडची थंडी तर तुला ठाऊकच आहे. पारा घसरला की पेपरात पहिलं नाव आपलं. एखाद्या पहाटे द्राक्षबागेत दवसुद्धा गोठतं. पण गंमत बघ. थंडी तीच, रान तेच, तरी बांधाच्या अलीकडचा कांदा डेंगळतो आणि पलीकडचा ढिम्म! कारण पलीकडचं रोप अजून बारीक असतं. कोवळं रोप थंडी मोजतच नाही. बुंधा पेन्सिलीएवढा झाला की मगच त्याचा हिशेब सुरू. रांगड्या कांद्याची, म्हणजे खरीप आणि उन्हाळ यांच्या मधल्या हंगामाच्या कांद्याची, पंचाईत होते ती इथेच. ऑक्टोबरच्या सुमारास लावलेला तो डिसेंबर-जानेवारीत अंगानं भरलेला असतो, नेमका सापडतो. उन्हाळ कांद्याचं बी रोपासाठी ऑक्टोबर-नोव्हेंबरात टाकायचं, पन्नासेक दिवसांनी लागण. म्हणून ऐन कडाक्यात रोप लहानच राहतं.

पुढे कांदा गड्डा धरतो, तो दिवस मोठा होऊ लागला की. आपल्या जातींना ११-१२ तासांचा दिवस पुरतो. विलायती जाती १४-१६ तास मागतात. त्या इथे लावल्या तर नुसती पात खात बसा.

बी करणारे मात्र थंडीची वाटच पाहतात. निवडक कांदे हिवाळ्याच्या तोंडाला पुन्हा जमिनीत लावतात. फेब्रुवारीत शेतभर पांढरे गोंडे आणि त्यांवर मधमाश्यांची झुंबड.

"मग आपले डेंगळे मोडून टाकू?"

मोडून काय होतंय? आण तो विळा. डेंगळा उभा चिरला, बघ, आत पोकळ. आता कांदा आडवा काप. मधोमध कडक दांडा लागला ना? तिथूनच सडतो तो. असले कांदे चाळीत भरायचे नाहीत. आजीला सांग, आधी हेच भाजीत घे.