वळवाच्या ढगात काय चालतं?

मे महिन्यात भर दुपारी सांगली-सोलापूरकडच्या माळावर झाडाचं पानही हलत नाही, घाम वाळत नाही. जाणती माणसं अशा वेळी सहज म्हणून जातात, ‘आज वळीव येणार.’ बऱ्याचदा तो येतोही.

ऊन हवेला थेट फारसं तापवत नाही. ते जमिनीला तापवतं आणि जमीन आपल्यालगतच्या हवेला. उसाच्या फडावर बरीच उष्णता पानांतलं पाणी वाफ होऊन जाण्यात खर्ची पडते. शेजारचं नांगरून ठेवलेलं काळं रान मात्र नुसतं भाजत राहतं. त्या रानावरची हवा तापून फुगते, हलकी होते आणि वर निघते. पंख न हलवता गोल गोल उंच चढणारी घार याच झोतावर तरंगत असते.

वर हवेचा दाब कमी असतो. त्यामुळे चढणारी हवा आणखी पसरते आणि पसरण्यात आपली उष्णता गमावते, दर किलोमीटरला साधारण १० अंश. खाली ३८ अंशांवर असलेली हवा सव्वादोन किलोमीटर चढली की १६ अंशांच्या आसपास येते. तिच्यात पुरेसा दमटपणा असेल, तर इथे बाष्पाचे थेंब होऊ लागतात. दुपारचे कापशी ढग खालून एकाच पातळीत कापल्यासारखे सपाट दिसतात, ते यामुळेच.

खरी गंमत याच्यापुढे आहे. एक ग्रॅम बाष्पाचं पाणी होताना सुमारे ६०० कॅलरी उष्णता बाहेर पडते. ती मिळाल्यामुळे ढगातली हवा आता सावकाश थंड होते, भोवतालच्या हवेपेक्षा उबदारच राहते आणि चढतच जाते. म्हणजे ऊन फक्त सुरुवात करून देतं. ढग पुढे वाढतो तो बाष्पाच्या जोरावर. दख्खनवर हे बाष्प एप्रिल-मेमध्ये बरंचसं बंगालच्या उपसागरावरून येतं. म्हणून नुसत्या कडक उन्हानं वळीव होत नाही. घाम न वाळणारा उकाडा लागतो. असा ढग बारा-पंधरा किलोमीटर उंची गाठतो. वरच्या भागात बर्फ तयार होतो, आणि वर जाणारा झोत जोरदार असेल तर बर्फाचे कण तिथेच अडकून, थरावर थर चढून गारा होतात.

थेंब आणि गारा पेलेनाशा झाल्या की उतरणीचा खेळ सुरू होतो. पडणारं पाणी हवेलाही खाली ओढतं. ढगाखालच्या कोरड्या हवेत काही थेंब वाटेतच सुकतात, त्यात तिथली हवा गार पडते, जड होते आणि धाडकन जमिनीवर आदळून चारी बाजूंना पसरते. पावसाआधी येणारा धुळीचा गार सोसाटा तो हाच. मराठवाड्यात कधीकधी सगळे थेंब वरच्यावर विरतात. मग वारा कैऱ्या पाडून जातो आणि पाऊस टिपूसही नाही. लोक ढगाला हुलकावणी दिल्याचा दोष देतात. पाऊस पडलेला असतो, फक्त पोचलेला नसतो.

ही गार हवा ढगाच्या बुडाशी पसरली की खालून येणारा उबदार पुरवठा तुटतो आणि तासाभरात ढग विरतो. पण पसरता पसरता ती पुढच्या शिवारातली गरम हवा वर उचलते, तिथे नवा ढग उभा राहू शकतो. शिवाय ढगाच्या आजूबाजूला हवा सावकाश खाली येत असते, आणि खाली येणारी हवा दाबली जाऊन तापते, ढग जमू देत नाही. एका गावात ओढा वाहतो आणि शेजारच्या गावात धूळ उडते, त्यात नशिबाचा भाग थोडा आणि या चढउताराचा जास्त.

गार सोसाटा अंगावर आला की ढग जवळच आहे असं धरा. पहिल्या थेंबाची वाट न पाहता रानातून पक्क्या घरात या. झाडाखाली थांबू नका. वीज पावसाच्या आधीही पडते.