मेंदूच्या स्कॅन-प्रतिमांचे फाइल-रूपांतर : डाव्या-उजव्या बाजूचा प्रश्न

प्रस्तावना :
रक्तातील प्राणवायूच्या प्रमाणानुसार चुंबकीय अनुस्पंदनाचा संकेत बदलतो, हे १९९० मध्ये सेइजी ओगावा व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. फंक्शनल एम.आर.आय. ही पद्धती याच तत्त्वावर आधारलेली आहे. मानसशास्त्र व भाषाविज्ञानाचे अभ्यासकही आज तिचा उपयोग करतात. स्कॅनमधून मिळालेल्या फाइलींचे विश्लेषणापूर्वी रूपांतर करावे लागते. या टप्प्यावरील चूक पुढील निष्कर्षच उलटा करू शकते. प्रस्तुत लेखात या रूपांतराचे स्वरूप स्पष्ट केले आहे.

डायकॉम व निफ्टी :
रुग्णालयांतील प्रतिमा डायकॉम या प्रमाणित स्वरूपात साठविल्या जातात. त्यात सामान्यतः मेंदूच्या प्रत्येक कापाची स्वतंत्र फाइल असते. ३६ कापांचे चित्रण २०० वेळा केल्यास ७,२०० फाइली तयार होतात. विश्लेषणासाठी वापरले जाणारे निफ्टी स्वरूप हे सर्व काप एकाच चतुर्मितीय फाइलीत मांडते. त्यातील तीन मिती अवकाशाच्या व चौथी काळाची असते.

दिशेचा प्रश्न :
निफ्टीपूर्वी मेयो क्लिनिकमध्ये विकसित झालेले ॲनालाइझ हे स्वरूप प्रचलित होते. त्याच्या ३४८ बाइटच्या हेडरमध्ये दिशेची नोंद विश्वासार्ह रीतीने होत नसे. परिणामी एकच फाइल दोन प्रणाली भिन्न प्रकारे वाचू शकत. प्रतिमा वर-खाली उलटल्यास ती चटकन लक्षात येते. परंतु मेंदूचे दोन्ही गोलार्ध दिसण्यात जवळजवळ सारखे असल्यामुळे डावी-उजवी अदलाबदल डोळ्यांना जाणवत नाही. बहुसंख्य उजवखोऱ्या व्यक्तींमध्ये भाषाकार्य प्रामुख्याने डाव्या गोलार्धात चालते. अशी अदलाबदल झाल्यास ते उजव्या गोलार्धात नोंदले जाईल. शस्त्रक्रियेच्या नियोजनात तर ही चूक रुग्णास घातक ठरू शकते.

निफ्टीने हेडरचा आकार तोच ठेवून दिशा व स्थान यांच्या नोंदीची सोय केली. तरीही डायकॉममध्ये अक्षांची मूल्ये रुग्णाच्या डावीकडे व पाठीकडे वाढतात, तर निफ्टीमध्ये उजवीकडे व पुढे वाढतात. म्हणून रूपांतर करताना दोन अक्षांची चिन्हे बदलावी लागतात. स्कॅनच्या वेळी डोक्याच्या उजव्या बाजूस ई-जीवनसत्त्वाची कॅप्सूल चिकटविणे हा पडताळणीचा सोपा उपाय होय. ती प्रतिमेत तेजस्वी ठिपक्याच्या रूपाने दिसते व बाजूची खात्री पटते.

काळ व गोपनीयता :
सर्व काप एकाच क्षणी घेतले जात नाहीत. अनेकदा प्रथम विषम व नंतर सम क्रमांकांचे काप घेतले जातात. हा क्रम रूपांतरात हरवल्यास कालविषयक दुरुस्ती चुकते. डीसीएमटूनिक्स ही मुक्त आज्ञावली अशी माहिती सोबतच्या जेसन फाइलीत नोंदविते. डायकॉममध्ये रुग्णाचे नाव व जन्मतारीखही असते. ती वगळणे हे संशोधकाचे नैतिक कर्तव्य आहे. शरीररचनेच्या प्रतिमेतून चेहराही ओळखू येत असल्याने, ती इतरांना देण्यापूर्वी चेहऱ्याचा भाग काढून टाकणे इष्ट असते.

निष्कर्ष :
मूळ डायकॉम फाइली जतन करणे, रूपांतराच्या आज्ञावलीची आवृत्ती नोंदविणे आणि पहिल्याच स्कॅनवर डावी-उजवी बाजू पडताळून पाहणे, या तीन गोष्टी प्रत्येक अभ्यासात अनिवार्य मानल्या पाहिजेत. रूपांतरात शिरलेली चूक पुढील कोणतेही संख्याशास्त्रीय तंत्र दुरुस्त करू शकत नाही.