सुरीची धार मोजायची कशी?

नाताळच्या सुट्ट्या जवळ आल्या की हॉस्टेलच्या ग्रुपवर दोन प्रश्न हमखास येतात. ‘कुणाकडे ओव्हन आहे का?’ आणि ‘सुकामेवा कापायला चांगली सुरी कुठली घेऊ?’ पहिल्याचं उत्तर हो किंवा नाही. दुसऱ्याचं उत्तर द्यायला बसलं की मटेरियल सायन्सची अर्धी टर्म उलगडावी लागते, कारण ‘चांगली’ या एका शब्दात तीन वेगळे गुण कोंबलेले आहेत आणि एक वाढवला की दुसरा बहुतेक वेळा कमी होतो. पीएच.डी.च्या मुलाखतीत विचारतात ना, ‘हे तुम्ही मोजणार कसं?’ तोच प्रश्न आज सुरीला विचारून बघू.

तीन गुण असे. आत्ता धार किती आहे, ती किती काळ टिकते, आणि जाते तेव्हा कशी जाते, म्हणजे वळते की तिचे टवके उडतात. ऑनलाइन खरेदी करताना मात्र आपल्याला एकच आकडा दाखवला जातो: हार्डनेस, 56 एचआरसी किंवा 60 एचआरसी वगैरे.

हा आकडा येतो कुठून? रॉकवेल सी चाचणीत हिऱ्याचा शंकू स्टीलवर ठेवतात, आधी थोडा भार देतात, मग तो 150 किलोपर्यंत वाढवतात, वाढवलेला भार परत काढतात आणि शंकू कायमचा किती आत गेला ते बघतात. प्रत्येक 0.002 मिलिमीटर खोलीला 100 मधून एक गुण वजा. म्हणजे 58 एचआरसीचं स्टील असेल तर शंकू 42 गुणांइतका, 0.084 मिलिमीटर आत गेला. चाचणी सोपी, स्वस्त, दोन लॅबमध्ये जवळपास सारखा आकडा देणारी. पण ती मोजते काय? दाबल्यावर कायमचं दबण्याला स्टील किती विरोध करतं, एवढंच. ‘कापणं’ हा शब्द त्यात कुठेच आला नाही.

तरीही हा आकडा निरुपयोगी नाही. मऊ स्टीलची पातळ धार फळीवर आपटून बाजूला वळते. कडक स्टील वळत नाही, त्यामुळे धार अजून पातळ, अजून कमी कोनाची ठेवता येते. जर्मन पद्धतीच्या सुऱ्यांत सर्रास वापरलं जाणारं एक स्टील आहे, एक्स 50 सीआरएमओव्ही 15. नाव घाबरवणारं असलं तरी ती सरळ रेसिपी आहे: सुमारे 0.5 टक्के कार्बन, सुमारे 15 टक्के क्रोमियम, किंचित मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम. त्याच्या सुऱ्या साधारण 56 ते 58 एचआरसीच्या, धारेचा कोन प्रत्येक बाजूला 15 ते 20 अंश. जपानी पद्धतीच्या बऱ्याच सुऱ्या 60 च्या पुढे आणि कोन अजून कमी. त्या टोमॅटो कापतात तेव्हा बघत राहावं. पण त्याच सुरीखाली चुकून खजुराची बी आली की धारेचा टवका उडतो. हार्डनेस वाढला की टफनेस, म्हणजे तडा न जाता धक्का सोसण्याची ताकद, सहसा घटते. बी.एस्सी.च्या पुस्तकात हे वाक्य असतंच, फक्त तिथे सुरी नसते.

एक छोटं विषयांतर. स्वयंपाकघरातलं सगळं स्टेनलेस एक नसतं. चमचे-डबे बऱ्याचदा 304 सारख्या ऑस्टेनिटिक स्टीलचे असतात. ते तापवून पाण्या-तेलात थंड केलं तरी कडक होत नाही, म्हणून त्याची धार टिकणारी सुरी होत नाही. सुरीला मार्टेन्सिटिक स्टील लागतं आणि ते चुंबकाला चिकटतं. मग चुंबक घेऊन दुकानात जायचं का? जा, पण लक्षात ठेवा: चुंबक चिकटला नाही तर सुरी संशयास्पद, चिकटला म्हणून ती चांगली ठरत नाही, कारण कडक न होणारी फेरिटिक स्टील्सही चुंबकाला चिकटतात. आवश्यक अट आणि पुरेशी अट यातला फरक इतक्या स्वस्तात दुसरीकडे शिकायला मिळणार नाही.

स्टेनलेस सुरीचा इतिहासही याच घोळाचा. 1913 साली शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी बंदुकीच्या नळीची झीज कमी करणारं स्टील शोधताना जास्त क्रोमियमचं, न गंजणारं स्टील बनवलं आणि ते सुऱ्यांना चालेल असा आग्रह धरला. सुरुवातीच्या सुऱ्या धड कापेनात, तेव्हा कारागिरांनी त्यांना ‘न कापणाऱ्या सुऱ्यांचा जनक’ म्हणून चिडवलं. नव्या स्टीलला तापवण्या-थंड करण्याची वेगळी पद्धत हवी होती. स्टील आणि त्यावरची प्रक्रिया मिळून सुरी होते. म्हणूनच पाकिटावर नुसतं ‘हाय कार्बन स्टेनलेस’ लिहिलं असेल तर मी त्याला शून्य मार्क देते.

आता मूळ प्रश्न: धार थेट मोजता येईल का? येते. आयएसओ 8442 या मानकाचा पाचवा भाग फक्त यासाठीच आहे. यंत्रात सुरीची धार वर करून पकडतात, तिच्यावर खास कागदाच्या पट्ट्यांचा गठ्ठा 50 न्यूटन बलाने टेकवतात आणि सुरी मागे-पुढे चालवतात. कागदात 5 टक्के सिलिका असते, म्हणजे कापता कापता धार झिजतेही. पहिल्या तीन फेऱ्यांत किती मिलिमीटर कागद कापला गेला तो एक आकडा, सुरुवातीची धार. सगळ्या फेऱ्या मिळून किती कापला गेला तो दुसरा आकडा, टिकाऊपणा. दोन प्रश्नांना दोन वेगळे आकडे, हे मला फार आवडतं. पहिल्या आकड्यात धारेची भूमिती आणि धार लावणाऱ्याचा हात बोलतो, दुसऱ्यात स्टीलही बोलतं. पहिल्यात अव्वल आलेली सुरी दुसऱ्यात मागे पडू शकते.

पण इथेही थांबून विचारा, सिलिकावाला कागद म्हणजे कांदा आहे का? नाही. ही चाचणी घासून होणारी झीज दाखवते. घरची धार खरंच तशीच जाते का?

यावर 2020 साली ‘सायन्स’ नियतकालिकात एक सुरेख पेपर आला. एमआयटीचे जिआनलुका रोशिओली, मोहदेसे ताहेरी-मूसवी आणि जेम ताशान यांनी विचारलेला प्रश्न असा: केस स्टीलपेक्षा सुमारे 50 पट मऊ, मग दाढीचं ब्लेड बोथट का होतं? रोशिओली यांनी स्वतःची दाढी करायची आणि दर वेळी ब्लेड इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली धरायचं असं सुरू केलं. अपेक्षा अशी की टोक हळूहळू घासून गोल होईल. दिसलं भलतंच: धारेला मधेमधे सूक्ष्म टवके. मग त्यांनी मायक्रोस्कोपच्या आतच केस कापणारं छोटं यंत्र बसवलं, आणि संगणकावर प्रतिरूप करून बघितलं. टवका उडायला तीन गोष्टी जुळून याव्या लागतात. ब्लेड केसाला तिरकं भेटलं पाहिजे, स्टीलची अंतर्गत रचना सगळीकडे सारखी नसली पाहिजे, आणि केस नेमका त्या रचनेतल्या कच्च्या जागी आला पाहिजे. तिन्ही जुळलं की मऊ केसही तिथे ताण इतका एकवटवतो की स्टील तुटतं.

हा पेपर वाचल्यावर एचआरसीच्या आकड्याकडे परत बघा. हिऱ्याच्या शंकूचा खड्डा मिलिमीटरच्या काही दशांश रुंदीचा असतो, त्याखाली स्टीलचे असंख्य कण येतात आणि आपल्याला मिळते त्या सगळ्यांची सरासरी. चांगल्या धारेचं टोक मात्र एका मायक्रॉनहून बारीक. त्या टोकापाशी सरासरी स्टील नसतंच. एखादा कण असतो, एखादा कार्बाइड, दोघांमधली एखादी सीमा. मोजमाप ज्या पातळीवर केलं ती आणि बिघाड ज्या पातळीवर होतो ती, यांच्यात शेकडो पटींचं अंतर आहे. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टमध्ये एखादा आकडा मशीनमधून बाहेर आला की आपण तो लगेच ग्राफवर टाकतो. त्याआधी हे अंतर एकदा तपासावं.

आणि नुसत्या सुरीला दोष देऊनही चालत नाही, हात कसा चालतो यावरही कापणं अवलंबून आहे. पिकलेला टोमॅटो वरून दाबला तर पिचतो, सुरी ओढली की कापला जातो. 2012 साली एल. महादेवन आणि सहकाऱ्यांनी ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये तारेने मऊ जेल कापून हेच दाखवलं होतं. धारेच्या दिशेने घसरवत नेलं तर कमी दाबात काप सुरू होतो आणि बाकीचा पदार्थ कमी दबतो. आपली विळी हेच करून घेते. पातं स्थिर, भाजी हातात, आणि बाकदार पात्यावर ती आपोआप सरकत जाते. आजी कधी विळीवर भाजी नुसती दाबताना दिसणार नाही.

मग नाताळच्या केकसाठी घ्यायचं काय? बदाम, काजू, चॉकलेटचा ठोकळा हे सगळं टणक आणि कापताना सुरी हमखास तिरकी होणारं. तिथे 56-57 एचआरसीची, 20 सेंटिमीटरची, पात्याला थोडं वजन असलेली शेफ सुरी मी घेईन. 62 ची नाजूक जपानी नाही. हॉस्टेलमध्ये ती चार हातांत फिरणार, तेव्हा टवके उडणाऱ्या सुरीपेक्षा धार वळणारी सुरी बरी, कारण वळलेली धार रॉडवर परजून बरीचशी सरळ होते. पात्यावरची दमास्कस नक्षी दिसायला झकास, पण आजच्या बहुतेक सुऱ्यांत ती बाहेरच्या थरांची असते आणि कापायचं काम आतलं स्टील करतं. तयार केकचे काप काढायला आणि ब्रेडला लांब दातेरी सुरी लागतेच. तिची स्वस्तातली घेतली तरी चालते, कारण कापताना टोकं झिजतात, खाचांमधली धार बरीच वाचते, आणि पुढे तिला घरी धार लावणं कटकटीचंच असतं.

सुरीइतकीच फळी महत्त्वाची. लाकडाची किंवा प्लॅस्टिकची, ती धारेला किंचित आत येऊ देते. ग्रॅनाइटच्या ओट्यावर थेट कापू नका. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ असतं, म्हणजे त्या आयएसओ चाचणीच्या कागदातली तीच सिलिका, आणि ती स्टीलपेक्षा कडक आहे. बोथट सुरीवर जोर जास्त लावावा लागतो, ती सटकते आणि सटकली की मधे बोट असतं.

बेकिंग करणाऱ्यांना खरं सांगायचं तर पैसे मोजकेच असतील तर सुरीआधी वजनकाटा घ्या. एक कप मैदा चमच्याने हलकेच भरला तर 120 ग्रॅमच्या आसपास, कप पिठात खुपसून भरला तर 140-150 सुद्धा. नानकटाई भुगा होते किंवा दगड होते त्यातला बराच वाटा इथे आहे. पण काट्यालाही तोच प्रश्न विचारायचा. लघुत्तम माप 1 ग्रॅम असेल तर 250 ग्रॅम मैद्यात अर्ध्या ग्रॅमची चूक कुणाला कळणारही नाही. अडीच ग्रॅम खायच्या सोड्यात तीच चूक 20 टक्के झाली. तिथे मापाचा चमचा जास्त भरवशाचा. शिवाय बरेच काटे बारीक बदल हे शून्याचं सरकणं समजून पुसून टाकतात. चिमूट चिमूट टाकत राहिलात तर आकडा हलतच नाही, आणि मग आपण टाकतच राहतो. एकाच छापाची, एकाच वर्षाची दहा नाणी घ्या आणि एकेक ठेवत आकडे लिहा. नाण्याचं वजन माहीत नसलं तरी वाढ समान होते का हे कळेल, म्हणजे काटा सरळ रेषेत चालतो का ते. खरं वजन दाखवतो का, हा वेगळा प्रश्न, त्यासाठी प्रमाणित वजन लागेल.

ओव्हनचं बटण 180 दाखवतं म्हणून आत 180 असतं असं नाही. प्रोबचा थर्मामीटर आधी उकळत्या पाण्यात तपासा, पण पुण्यात असाल तर अपेक्षा 100 ची नको, 98 ची ठेवा. समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचीवर पाणी तेवढ्यालाच उकळतं. थर्मामीटर नसेल तर एक प्रसिद्ध युक्ती आहे. साखर 186 अंशांना वितळते, तेव्हा ओव्हन 175 ला लावून चमचाभर साखर फॉइलवर 15 मिनिटं ठेवायची, ती वितळायला नको. मग 190 ला, तिथे वितळायला हवी. युक्ती चालते, पण वेळ काटेकोर पाळा. इलिनॉय विद्यापीठातल्या शेली श्मिट यांच्या गटाने 2011 साली दाखवलं की साखरेचा हा ‘वितळणबिंदू’ तापवण्याच्या वेगावर बदलतो. सावकाश तापवली तर ती कमी तापमानालाच स्फटिकरूप सोडायला लागते, कारण ते निव्वळ वितळणं नसून त्यात विघटनही आहे. त्यामुळे 175 ला ठेवलेली साखर तासभर विसरलात आणि ती तपकिरी होऊन कडेने बसलेली दिसली, तर लगेच ओव्हनवाल्याला फोन लावू नका. नवीन चमचाभर साखर घ्या, मोबाइलवर 15 मिनिटांचा गजर लावा आणि परत ठेवा.