मुंबईच्या दर्यातील सुरुंग

युद्धाचा इतिहास आपण बहुधा सेनापतींच्या नावांनी वाचतो. शाळेचा योग मला फारसा आला नाही. गोदी कामगारांच्या संघटनेत वावरताना जे वाचन घडले तेवढीच माझी विद्या. त्यामुळे सेनापतीचे नाव आले की त्याच्या तोफेपुढे कोण होता, हे विचारण्याची खोड मला लागली आहे. आज अशा एका जर्मन नौदल अधिकाऱ्याची हकीकत सांगतो, जो मुंबईच्या तोंडाशी येऊन गेला आणि मुंबईला त्याचा पत्ताही लागला नाही.

त्याचे नाव कार्ल आउगुस्ट नेर्गर. पहिल्या महायुद्धात त्याच्याकडे 'वोल्फ', म्हणजे लांडगा, हे जहाज देण्यात आले. मूळची ती ब्रेमेनच्या हान्सा कंपनीची साधी मालवाहू आगबोट. वेग ताशी अकरा सागरी मैलांच्या आतबाहेर. तिच्यावर तोफा दडवल्या, पोटात साडेचारशेहून अधिक सुरुंग भरले, टेहळणीला एक लहानसे विमान दिले. ३० नोव्हेंबर १९१६ रोजी ती कील बंदरातून निघाली आणि २४ फेब्रुवारी १९१८ रोजी तेथेच परतली. या ४५१ दिवसांत ती एकाही बंदराला लागली नाही. कोळसा आणि अन्न पकडलेल्या जहाजांवरून उतरवून घ्यायचे. बिनतारी यंत्रावर दुसऱ्याचे ऐकायचे, आपण मात्र बोलायचे नाही, ही नेर्गरची रीत. खलाशी म्हणून त्याचे कसब मोठे होते, हे कबूल केलेच पाहिजे.

फेब्रुवारी १९१७ मध्ये कोलंबोजवळ सुरुंग पेरून तो मुंबईच्या वाटेवर आला आणि येथेही पेरणी करून निघून गेला. हा सुरुंग म्हणजे स्फोटकांनी भरलेला लोखंडी गोळा. त्याला जड नांगर व साखळदंड असतो, त्यामुळे तो पृष्ठभागाच्या थोडा खाली तरंगत राहतो. वर शिंगे असतात. जहाजाचा धक्का लागला की शिंगातील काचेची नळी फुटते, तीतील द्रवामुळे वीज निर्माण होते आणि गोळा उडतो. जहाज कोणाचे आणि आत कोण, हे तो विचारीत नाही. शिवाय त्याला घाई नसते.

मुंबईचे सुरुंग चार महिने वाट पाहत राहिले. ११ जून १९१७ रोजी 'सिटी ऑफ एक्सेटर' जहाजाला सुरुंग लागला. ते कसेबसे बंदरात पोहोचले. १७ जूनला 'क्रॉक्स्टेथ हॉल' बुडाले. २३ जूनला, ऐन पावसाळ्यात, पी. अँड ओ. कंपनीचे 'मंगोलिया' हे टपाल व उतारू जहाज मुंबईपासून सुमारे ५० मैलांवर बुडाले आणि २३ माणसे गेली. त्या दिवशी नेर्गर होता कोठे? न्यूझीलंडजवळ, नव्या पेरणीच्या तयारीत.

आता एक विसंगती पाहा. नेर्गर क्रूर म्हणून प्रसिद्ध नाही. पकडलेले जहाज बुडवण्यापूर्वी त्यावरची माणसे तो आपल्या जहाजावर घेई. परतला तेव्हा चारशेहून अधिक कैदी त्याच्याबरोबर होते. जी माणसे त्याला दिसत होती त्यांना त्याने बहुधा वाचवले. जी दिसत नव्हती त्यांच्यासाठी सुरुंग ठेवून तो पुढे गेला.

आणि ती न दिसणारी माणसे कोण? मुंबईहून सुटणाऱ्या अशा आगबोटींवर खलाशी कोकण-गुजरातचे, आगवाले पुष्कळसे पंजाब व सरहद्दीकडचे, भोजनगृहातले नोकर गोव्याचे. स्फोट झाला की डेकवरच्याला निदान आकाश दिसते. भट्टीपुढच्या आगवाल्याला आधी शिडी गाठावी लागते.

एवढ्यावर भागत नाही. जुलै १९१७ मध्ये ऑस्ट्रेलियाजवळ 'कंबरलँड' जहाजाला वोल्फचाच सुरुंग लागला, तेव्हा मालात कोणी बाँब दडवला असावा असा संशय घेतला गेला. मालाला हात कोणाचा लागतो? हमालाचा! सुरुंग पेरणारा दूर राहतो आणि संशय मजुराच्या दारी येतो.

नेर्गरला जर्मनीचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर, जानेवारी १९४७ मध्ये, साक्सेनहाउसेन येथील सोव्हिएत छावणीत कैदी म्हणून तो मरण पावला. त्याच्या पराक्रमाचा हिशेब पुस्तकांत जहाजांच्या टनांत मिळतो. माणसांचा हिशेब मशीद बंदरजवळच्या खलाशीगृहात आहे. ज्यांना समुद्राखेरीज दुसरी कबर नाही अशा, पहिल्या महायुद्धातील दोन हजारांहून अधिक नाविकांचे स्मारक तेथे आहे.

घाटकोपर-मुलुंडच्या कितीतरी घरांतले आजे-पणजे बोटीवर होते. त्यांच्या नोकरीच्या कागदांना ते 'नळी' म्हणत. घरी जुन्या पेटीत अशी नळी सापडली, तर ती रद्दीत घालू नका. तीवरचे नाव मोठ्याने वाचा, मुलांना ऐकवा. सेनापतींची नावे लिहून ठेवायला पुष्कळ लोक आहेत. ही नावे आपणच राखली पाहिजेत.